किनाऱ्याखालची खाडी : केप कॉडच्या भूजलातील नत्र व स्फुरद यांच्या अभ्यासाचा इतिहास

प्रास्ताविक

समुद्रकाठच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ का होते, हा प्रश्न किनाऱ्यावर राहणाऱ्या बहुतेक समाजांना पडलेला दिसतो. त्याच विहिरीला लागणारे गोडे पाणी तेथे न थांबता पुढे कोठे जाते आणि जाताना सोबत काय नेते, हा प्रश्न मात्र शास्त्रालाही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फारसा पडला नाही. नदी दिसते, तिचे पाणी मोजता येते, तिचा गाळ हातात घेता येतो. पुळणीच्या वाळूखालून समुद्राला मिळणारे पाणी दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचा हिशेबही कोणी मांडत नाही.

किनारपट्टीच्या भूजलात नत्र आणि स्फुरद या दोन पोषकद्रव्यांचे प्रमाण कशावरून ठरते, या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांना टप्प्याटप्प्याने कसे उमगत गेले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. त्यासाठी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केप कॉड या द्वीपकल्पाची निवड केली आहे. या विषयावर एवढ्या लहान प्रदेशात एवढा दीर्घकाळ झालेले काम अन्यत्र क्वचितच आढळते, आणि ज्या चुकांतून हे ज्ञान मिळाले त्या चुकाही तेथे जमिनीखाली जपून राहिल्या आहेत. जमिनीवर किती खत टाकले, किती सांडपाणी मुरले, याला महत्त्व आहेच. परंतु समुद्रात काय पोहोचते हे त्यावरून थेट सांगता येत नाही. पाणी वाळूतून किती काळ वाहिले आणि त्या प्रवासात त्याच्यात ऑक्सिजन विरघळलेला होता की नव्हता, या दोन गोष्टी निर्णायक ठरतात. त्यातही ऑक्सिजन नत्राला जो न्याय लावतो त्याच्या नेमका उलट न्याय स्फुरदाला लावतो. केप कॉडच्या संशोधनाचा इतिहास हा बव्हंशी या एका उलटेपणाचा अर्थ लागण्याचा इतिहास आहे, असे आमचे मत आहे.

आत येणारे खारे पाणी, बाहेर जाणारे गोडे पाणी

समुद्रातील गोड्या झऱ्यांची माहिती प्राचीनांना होती. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो याने सीरियाच्या किनाऱ्याजवळील अराडस बेटाच्या वर्णनात तेथील रहिवासी होडीतून शिशाचे नरसाळे खाली सोडून चामड्याच्या नळीने समुद्रतळाचे गोडे पाणी वर घेत, असे नोंदविले आहे. बहरीनच्या किनाऱ्यावरही पाणबुडे असे पाणी भरून आणीत. ही माहिती नवलाईच्या सदरात राहिली. झरा जेथे डोळ्यांना दिसतो तेथे तो अपवाद वाटतो, आणि किनाऱ्याच्या संपूर्ण लांबीवर हळूहळू झिरपणारे पाणी झऱ्यासारखे दिसत नाही.

आधुनिक अभ्यासाला आरंभ झाला तो पिण्याच्या पाण्याच्या चिंतेतून. डच लष्करी अभियंता बाडोन घायबेन याने अॅमस्टरडॅमजवळच्या विहिरींच्या संदर्भात १८८८-८९ च्या सुमारास, आणि जर्मनीच्या हेर्ट्सबर्ग याने उत्तर समुद्रातील नॉर्डर्नाय बेटाच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने १९०१ मध्ये, एकच नियम स्वतंत्रपणे मांडला. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्यामुळे ते त्याच्यावर तरंगते. भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल, तर गोड्या पाण्याचा थर समुद्रसपाटीखाली सुमारे चाळीस मीटर जातो. विहिरीतून उपसा करून वरची पातळी थोडी खाली आणली तर खारे पाणी चाळीसपट वर चढते. किनाऱ्यावरील उपशाबाबतचे बरेचसे शहाणपण या एका गुणोत्तरात सामावलेले आहे.

तथापि या नियमात पाणी स्थिर मानले आहे. गोड्या पाण्याचा थर जणू तेथे नुसता पडून आहे! पाऊस दरवर्षी पडतो, जमिनीत मुरतो, तरी थर वाढत नाही; अर्थात तेवढे पाणी दरवर्षी समुद्रात जात असले पाहिजे. हबर्ट याने १९४० मध्ये भूजलाच्या गतीचा जो सिद्धांत मांडला त्यात ही गोष्ट स्पष्ट होती. १९५९-६० मध्ये कूपर आणि कोहाउट या दोघा अमेरिकी भूजलशास्त्रज्ञांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. फ्लोरिडातील मायामीजवळच्या जलधरात खारे पाणी तळाकडून आत येते, गोड्या पाण्यात थोडे मिसळते आणि त्याच्याबरोबर पुन्हा समुद्राकडे परतते, असे चक्र त्यांनी दाखवून दिले. या परतणाऱ्या खाऱ्या पाण्याचे महत्त्व पुढे चाळीस वर्षांनी कळायचे होते. त्या काळात हा विषय विहिरींचे रक्षण करणाऱ्यांचा होता. सागरशास्त्रज्ञ नद्यांची मुखे मोजत होते. दोन विद्याशाखा एकाच पुळणीवर पाठीला पाठ लावून उभ्या होत्या.

वाळूचा प्रदेश आणि शास्त्रज्ञांचे गाव

केप कॉड हा हिमयुगाने मागे ठेवलेला वाळूचा व खडीचा ढीग आहे. सुमारे अठरा ते पंधरा हजार वर्षांपूर्वी हिमस्तर वितळताना वाहून आलेल्या या वाळूत पाणी झटकन मुरते. मोठ्या नद्या नाहीत. जे छोटे प्रवाह आहेत तेही भूजलावरच जगतात. पिण्याच्या पाण्याचा जवळजवळ एकमेव आधार जमिनीखाली असल्यामुळे १९८२ मध्ये केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेने या जलधराला 'एकमेव स्रोत' असा विशेष दर्जा दिला. वाळूतून पाणी दिवसाला साधारण ०.४ मीटर, म्हणजे वर्षाला दीडशे मीटरच्या आसपास सरकते. हा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग आहे.

या वाळूचा दुसरा गुण असा की तिच्यात कुजकी सेंद्रिय द्रव्ये फार थोडी आहेत. सेंद्रिय द्रव्य कुजताना सूक्ष्मजीव पाण्यातील ऑक्सिजन वापरून टाकतात. येथे कुजायला काहीच नसल्याने ऑक्सिजन मैलोन् मैल टिकून राहतो.

याच द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्य टोकाला फॅलमथ नगराच्या हद्दीत वूड्स होल हे खेडे आहे. तेथे सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा १८८८ मध्ये आणि सागरविज्ञान संस्था १९३० मध्ये स्थापन झाली. अल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ मध्ये समुद्रातील प्लवक आणि समुद्राचे पाणी या दोहोंमध्ये नत्र व स्फुरद यांचे प्रमाण ठराविक असते हे दाखविले, आणि पुढे सोळास एक हे गुणोत्तर त्यांच्या नावाने रूढ झाले. १९७१ मध्ये त्याच संस्थेच्या रायथर व डन्स्टन यांनी किनाऱ्यालगतच्या पाण्यात शैवालाची वाढ सामान्यतः नत्राच्या अभावी अडते असे प्रतिपादन केले. लाँग आयलंडवरील बदकपालन केंद्रांच्या घाणीने तेथील खाड्या हिरव्या झाल्या होत्या. त्या काळी धुण्याच्या पावडरीतून स्फुरद वगळण्याची मागणी जोरात होती. किनाऱ्यापुरता तरी हा उपाय चुकीच्या द्रव्यावर रोखलेला आहे, असे या दोघांचे म्हणणे होते. गोड्या पाण्याच्या तळ्यांत मात्र स्फुरदच कळीचा ठरतो, हे कॅनडातील शिंडलर यांच्या तळ्यांवरील प्रयोगांनी १९७४ मध्ये निर्विवाद दाखविले. तळ्याला स्फुरद बाधतो, खाडीला नत्र: केप कॉडवर तळी आणि खाड्या एकाच भूजलाने जोडलेल्या असल्यामुळे हा भेद तेथे पुस्तकी राहिला नाही.

एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. जगाच्या समुद्रांचा अभ्यास करणाऱ्या या परिसरात बहुसंख्य घरांचे सांडपाणी सेप्टिक टँक आणि शोषखड्डा यांतून थेट वाळूत जात होते. अशा टाकीची रचना रोगजंतू अडविण्यासाठी असते आणि ते काम वाळू चांगले करते. विरघळलेल्या नत्राबद्दल त्या रचनेत काहीच तजवीज नव्हती. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटवर मर्यादा होती, पण तिचा उगम निराळा होता. १९४५ मध्ये आयोवातील डॉ. कॉमली यांनी विहिरीच्या नायट्रेटयुक्त पाण्यामुळे तान्ही बाळे निळी पडतात हे दाखविले, आणि त्यानंतरच्या पाहणीतून लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट, म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅम नत्र, ही मर्यादा आली. भारतीय मानक ब्यूरोच्या पेयजल मानकातही हाच ४५ चा आकडा आहे. बाळाला सुरक्षित असलेले हे पाणी खाडीला मात्र सुरक्षित नाही. मॅसॅच्युसेट्सच्या खाड्यांसाठी पुढे जी सुरक्षित पातळी ठरली ती लिटरला अर्ध्या मिलिग्रॅम नत्राच्या आतबाहेर आहे. म्हणजे पिण्यायोग्य ठरलेले भूजल खाडीला सोसवेल त्याच्या वीसपट नत्र नेऊ शकते, आणि कोणताही नियम मोडत नाही.

फेस आलेली विहीर

फॅलमथच्या उत्तरेस लष्करी तळ आहे. तेथील सांडपाणी प्रक्रिया करून १९३६ पासून वाळूच्या वाफ्यांत मुरविले जात असे. दुसऱ्या महायुद्धात तळावरील वस्ती प्रचंड वाढली आणि वाफ्यांवरचा भारही वाढला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस खालच्या अंगाची फॅलमथची एक सार्वजनिक विहीर बंद करावी लागली. पाण्याला फेस येत होता. हा फेस जुन्या, न कुजणाऱ्या डिटर्जंटचा होता. तशी डिटर्जंटे १९६० च्या दशकाच्या मध्यास बाजारातून गेली होती. जमिनीखालच्या पाण्याने ती दशकाहून अधिक काळ सांभाळून ठेवली आणि मग नळाला दिली.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने येथे शेकडो निरीक्षण-विंधने घेतली. डेनिस लब्लँक यांच्या १९८४ च्या अहवालात सांडपाण्याचा एक लांबट पट्टा दक्षिणेकडे काही किलोमीटर पसरलेला दिसतो. पट्ट्याच्या गाभ्यात सूक्ष्मजीवांनी ऑक्सिजन संपविलेला होता आणि तेथे नत्र अमोनियमच्या रूपात आढळले. कडांवर, जेथे स्वच्छ ऑक्सिजनयुक्त भूजल मिसळत होते तेथे, नायट्रेट आढळले. एकाच पाण्यात, काही मीटरच्या अंतराने, नत्राची दोन रूपे!

स्फुरदाचे वर्तन याहून वेगळे होते. पाणी किलोमीटरांनी पुढे गेले तरी स्फुरद वाफ्यांच्या जवळपास रेंगाळत होता. वाळूच्या कणांवर लोह व अॅल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांचा पातळ लेप असतो, त्याला फॉस्फेट चिकटून बसते. कोकणातील बागायतदाराला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. जांभ्या जमिनीत दिलेला स्फुरद लोह-अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांशी बांधला जाऊन झाडाला मिळेनासा होतो, ही त्याची नेहमीची अडचण आहे. केप कॉडच्या वाळूत तीच क्रिया अत्यल्प लोहाच्या जोरावर चालते, म्हणून तिची क्षमता संपते. वर्षानुवर्षांच्या सांडपाण्याने लेपावरील जागा भरत गेल्या आणि स्फुरदाची आघाडी हळूहळू सरकत सुमारे अर्ध्या किलोमीटरवरील अॅशुमेट तळ्यापर्यंत आली. तळे हिरवे होऊ लागले.

१९९५ मध्ये वाफे बंद झाले. सामान्य समजुतीप्रमाणे प्रश्न तेथे संपायला हवा होता. पण वाफे बंद झाल्यावर वरून येऊ लागलेले स्वच्छ पाणी कणांवर चिकटलेला स्फुरद सोडवू लागले, आणि तळ्याला होणारा पुरवठा चालूच राहिला. जमिनीत साठलेला स्फुरद कित्येक दशके सुटत राहील असा संशोधकांचा अंदाज आहे. अखेर २००४ मध्ये तळ्याच्या ज्या काठाने हे पाणी आत शिरते तेथे तळाची वाळू उकरून तिच्यात धातुरूप लोहाचा चुरा मिसळण्यात आला. लोह गंजते आणि गंज स्फुरदाला धरून ठेवतो.

वॉक्वॉइटची खाडी

इव्हान व्हालिएला आणि जॉन टील यांनी १९७० च्या दशकात फॅलमथजवळच्या ग्रेट सिप्पेविसेट या खाजणाचा नत्राचा जमाखर्च मांडला. भरती-ओहोटीबरोबर येणारे-जाणारे, पावसातून येणारे आणि भूजलातून येणारे नत्र त्यांनी वेगवेगळे मोजले. भूजलाचा वाटा पावसाच्या कित्येक पट निघाला. तोपर्यंत हा वाटा बहुतेक ठिकाणी गृहीतच धरला जात नव्हता. पर्थच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या रॉबर्ट जोहान्स यांनी १९८० मध्ये तेथील किनाऱ्याला नद्यांपेक्षा भूजलातून अधिक नायट्रेट मिळते असे दाखवून या उपेक्षेकडे जगाचे लक्ष वेधले. मोजण्याची साधने साधी होती. डेव्हिड ली यांनी १९७७ मध्ये सुचविलेले झिरपमापक म्हणजे दोनशे लिटरच्या लोखंडी पिंपाचा कापलेला तुकडा, तळाच्या वाळूत उपडा रोवलेला, आणि त्याला जोडलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत ठराविक वेळात किती पाणी जमले ते मोजायचे. हे उपकरण आजही वापरात आहे.

वॉक्वॉइट ही फॅलमथ आणि मॅशपी यांच्यामधली उथळ खाडी. सरासरी खोली जेमतेम एक मीटर. मॅशपीचे वाम्पानोग आदिवासी या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या शिंपले व मासे गोळा करीत आले आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खाडीच्या तळावर ईलग्रास या सागरी गवताची कुरणे होती आणि त्यांच्या आश्रयाने स्कॅलप जातीचे शिंपले वाढत. १९९० पर्यंत ही कुरणे बहुतेक नाहीशी झाली आणि त्यांच्या जागी तंतुमय शैवालाचे जाड थर आले. खाडीच्या काठावर एकही मोठा कारखाना नाही. गटार सोडणारी नळीही नाही. होती ती फक्त घरे, हिरवळी आणि वाळू.

१९८८ मध्ये येथे संरक्षित संशोधनक्षेत्र स्थापन झाले. व्हालिएला व त्यांच्या सहकाऱ्यांनी खाडीला मिळणाऱ्या उपखोऱ्यांचा तुलनात्मक अभ्यास केला: चाइल्ड्स नदीकाठी दाट घरवस्ती, क्वॉशनेटकाठी मध्यम वस्ती, सेज लॉट तळ्याभोवती जवळजवळ निव्वळ जंगल. माती, हवामान, पाऊस एकच, फरक वस्तीचा. जेथे वस्ती दाट तेथे नत्राचा भार अधिक आणि गवत नाहीसे, जेथे जंगल तेथे गवत शिल्लक. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नत्रभार-प्रतिमानानुसार खाडीत पोहोचणाऱ्या नत्रापैकी सुमारे ४८ टक्के सांडपाण्याचे, ३० टक्के हवेतून पडणारे आणि १५ टक्के खतांचे होते.

या आकड्यांतील अर्थ नीट पाहिला पाहिजे. खोऱ्याच्या जमिनीवर पडणाऱ्या नत्रात सर्वांत मोठा वाटा हवेतून येणाऱ्याचा आहे. तरीही खाडीत पोहोचताना तो दुसऱ्या क्रमांकावर जातो. हवेतून पडलेले नत्र झाडांच्या मुळांतून आणि जंगलाच्या मातीतून गाळले जाते. सांडपाण्याचे नत्र मुळांच्या खाली, टाकीच्या तळाशी सोडले जाते. टाकीतून अमोनियमच्या रूपात निघालेले नत्र कोरड्या, हवेशीर वाळूतून उतरताना नायट्रेट होते. नायट्रेट कणांना चिकटत नाही. ऑक्सिजन नसेल आणि कुजणारे सेंद्रिय द्रव्य असेल, तर काही जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधील ऑक्सिजन वापरतात व नत्र निरुपद्रवी वायू होऊन सुटते. यालाच विनत्रीकरण म्हणतात. केप कॉडच्या स्वच्छ वाळूत या दोन्ही अटी क्वचितच पुऱ्या होतात. ज्या शुद्धतेमुळे ते पाणी पिण्यास उत्तम, तिच्यामुळेच नायट्रेट न बिघडता खाडीपर्यंत जाते. सांडपाण्याच्या नत्रात जड समस्थानिकाचे प्रमाण अधिक असते. १९९७ मध्ये मॅक्लेलंड व सहकाऱ्यांनी याच खुणेवरून वॉक्वॉइटच्या वनस्पती व प्राणी यांच्या शरीरात सांडपाण्याचे नत्र ओळखून दाखविले. त्यानंतर खाडीच्या स्थितीशी घरांचा संबंध नाही, असे म्हणणे अवघड झाले.

रेडियमची साक्ष

दरम्यान भूजलाच्या एकूण प्रमाणाबद्दल एक वाद उभा राहिला. साउथ कॅरोलिना विद्यापीठाचे विलर्ड मूर यांनी १९९६ मध्ये रेडियम-२२६ च्या आधारे असा निष्कर्ष काढला की तेथील किनाऱ्यालगत जमिनीखालून येणारे पाणी नद्यांच्या प्रवाहाच्या सुमारे ४० टक्के आहे. रेडियम गोड्या पाण्यात कणांना चिकटून राहते आणि खारे पाणी लागताच सुटते. म्हणून किनाऱ्यावरील जादा रेडियम ही जलधरातून आलेल्या पाण्याची खूण ठरते. ब्रिटिश भूजलतज्ज्ञ पॉल यंगर यांनी लगेच हरकत घेतली. एवढे गोडे पाणी जमिनीत मुरतच नाही, मग ते येणार कोठून? हरकत रास्त होती. उत्तर असे की ते पाणी बहुतांशी गोडे नव्हतेच. ते कोहाउट यांचे परतणारे समुद्राचे पाणी होते. १९९९ मध्ये मूर यांनी या क्षेत्राला 'भूमिगत खाडी' असे नाव दिले. नदीच्या मुखाशी जसे गोडे-खारे पाणी मिसळून रासायनिक बदल होतात, तसेच वाळूखालीही होतात, फक्त सावकाश आणि कणांच्या सहवासात. नाव मिळाल्याने विषयालाही घर मिळाले, असे म्हणता येईल. २००३ मध्ये बर्नेट व सहकाऱ्यांनी समुद्रतळातून किनारी समुद्रात येणारे कोणतेही पाणी, गोडे असो वा खारे, या व्याख्येत घेतले.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनीही केरळमधील विळिंजमच्या किनाऱ्यावर रेडॉन वायूच्या साहाय्याने असे पाणी शोधल्याचे २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये नोंदविले आहे. पद्धतीचा प्रसार किती झपाट्याने झाला याची ही खूण होय.

पुढील जागतिक हिशेबांनी यंगर आणि मूर दोघांनाही आपापल्या जागी बरोबर ठरविले. २०२० मधील लाउएनडाइक व सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार निव्वळ गोडे भूजल समुद्राला मिळणाऱ्या एकूण गोड्या पाण्याच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. उलट २०२१ मध्ये सँटोस व सहकाऱ्यांनी जगभरातील अभ्यास एकत्र केले, तेव्हा सुमारे ६० टक्के ठिकाणी खाऱ्या-गोड्या भूजलातून येणारी पोषकद्रव्ये नद्यांपेक्षा अधिक आढळली. फरक पडतो तो परतणाऱ्या खाऱ्या पाण्याने. ते समुद्रातून आत जाताना सेंद्रिय कण नेते आणि बाहेर येताना त्यांच्या कुजण्यातून निघालेले अमोनियम आणते. यात जुने नत्र किती व नवे किती, हे प्रत्येक किनाऱ्यावर तपासावे लागते. सरसकट आकड्यांवर विसंबणाऱ्यांनी येथे सावध राहिलेले बरे.

लोहाचा पडदा

वॉक्वॉइटच्या पुळणीत वूड्स होलच्या मॅथ्यू शॅरेट व एडवर्ड शोल्कोविट्झ यांनी वाळूचे उभे नमुने काढले. वरची वाळू राखाडी, आणि खाली गोडे-खारे पाणी मिसळते त्या खोलीवर तांबडी, नारिंगी, पिवळी. ऑक्सिजनविरहित भूजलात विरघळून आलेले लोह मिश्रणाच्या जागी ऑक्सिडीभूत होऊन कणांवर बसले होते. २००२ मध्ये त्यांनी या थराला लोहाचा पडदा म्हटले. या वाळूची फॉस्फेट धरण्याची क्षमता वरच्या वाळूच्या कित्येक पट भरली. अॅशुमेट तळ्यात माणसाने दोन वर्षांनी जे केले ते किनाऱ्याने आधीच करून ठेवले होते.

त्याच पुळणीत नत्राचे दोन पट्टे एकावर एक सापडले. वर ऑक्सिजनयुक्त पाण्यात नायट्रेट, खाली ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात अमोनियम. क्रोगर व शॅरेट यांनी २००८ मध्ये दाखविले की मिश्रणाच्या क्षेत्रात या दोहोंपैकी काही नत्र नष्ट होते. परंतु किती, हे दोन पट्टे एकमेकांत किती मिसळतात आणि पाणी तेथे किती वेळ रेंगाळते यावर अवलंबून असते. शिवाय ही सीमा स्थिर नाही. मायकेल, मलिगन व हार्वी यांनी २००५ मध्ये याच खाडीत दाखविले की हिवाळ्यातील पुनर्भरणाने सीमा समुद्राकडे आणि नंतर पुन्हा जमिनीकडे सरकते, आणि खाऱ्या पाण्याचा विसर्ग पावसाच्या काही महिने मागे राहून उन्हाळ्यात वाढतो. उन्हाळा हाच शैवालाच्या वाढीचा काळ.

उट्रेख्ट विद्यापीठाच्या कॅरोलीन स्लॉम्प व फिलिप व्हान कॅपेलेन यांनी २००४ मध्ये विखुरलेल्या निरीक्षणांना सूत्र दिले. गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा प्रत्येकी ऑक्सिजनयुक्त वा ऑक्सिजनविरहित असण्याचा विचार करून, आणि त्यांचे वेग जमेस धरून, कोठे काय टिकेल हे त्यांनी मांडले. ऑक्सिजन असेल तर नायट्रेट सुटते व स्फुरद अडकतो. ऑक्सिजन नसेल तर नायट्रेट वायू होऊन जाऊ शकते, पण लोहाचे लेप विरघळतात आणि स्फुरद मोकळा होतो. म्हणूनच दूषित भूजलात नत्राचे स्फुरदाशी प्रमाण बहुधा रेडफील्ड यांच्या सोळास एकपेक्षा जास्त आढळते. नत्रासाठी तहानलेल्या किनारी समुद्राला नेमके नत्रच मिळत राहते.

चर आणि परवाने

२००५ मध्ये वॉक्वॉइटच्या काठावर चर खणून त्यात लाकडाच्या चिपळ्या भरण्यात आल्या. चिपळ्या कुजताना ऑक्सिजन संपवितात आणि त्यांच्यातून जाणारे नायट्रेट वायू होते. आदल्याच वर्षी काही किलोमीटरवर अॅशुमेट तळ्यात लोह पुरण्यात आले होते, तेथे अपेक्षा होती ती लोहाचा गंज टिकून राहण्याची. दोन्ही उपाय योग्य. मात्र त्यांची अदलाबदल केली असती तर दोन्ही ठिकाणी नुकसानच झाले असते.

असे चर संपूर्ण किनाऱ्यावर खणणे शक्य नाही. वाद अखेर टाक्यांवर आला, आणि तो कडू होता. टाकी बदलण्याचा वा सांडपाणी वाहिनीचा खर्च घरमालकाच्या अंगावर येतो, आणि ज्याचे घर खाडीपासून दूर आहे त्याला आपला दोष दिसत नाही. मॅसॅच्युसेट्सचे सेप्टिक टँकचे नियम १९९५ मध्ये सुधारले गेले, तरी भर मुख्यतः आरोग्यावर राहिला. जुलै २०२३ मध्ये लागू झालेल्या नव्या नियमांनी केप कॉडच्या अतिपोषित खाड्यांची खोरी नत्र-संवेदनशील ठरविली. तेथील टाक्या पाच वर्षांत नत्र कमी करणाऱ्या प्रकारच्या कराव्यात, किंवा नगराने खोऱ्यासाठी वीस वर्षांचा परवाना घेऊन दुसऱ्या मार्गाने तेवढाच परिणाम साधावा, असा पर्याय ठेवला.

येथे वाळूतील पाण्याच्या वेगाचा आकडा पुन्हा आठवावा. वर्षाला दीडशे मीटर. २०२८ मध्ये कोणी टाकी बदलली आणि घर किनाऱ्यापासून किंवा जवळच्या ओढ्यापासून दीड किलोमीटरवर असले, तर बदललेले पाणी तेथे पोहोचेल २०३८ च्या सुमारास. तोवर खाडीत उतरत राहील ते २०१८ ते २०२८ या काळातील सांडपाणी. ज्यांचे पाणी पाच किलोमीटर वाळूतूनच जाते त्यांच्या बाबतीत ही मुदत तेहतीस वर्षांची होते, आणि तोपर्यंत वीस वर्षांच्या परवान्याची मुदत संपून गेलेली असेल. परवान्याच्या काळात खाडीच्या पाण्यात सुधारणा दिसली नाही, तर तो उपायाचा दोष की वाळूचा विलंब, हे ठरविण्यासाठी खाडीच्या वरच्या अंगाला, घरे आणि पुळण यांच्या मधोमध, निरीक्षण-विहिरी लागतील. लष्करी तळाच्या वाफ्यांखाली त्या चाळीस वर्षांपासून आहेत.